सोंग तुमचं, आकडे गेमचे: ओपन-वर्ल्ड गेममध्ये कॅरेक्टर अडकलं की काय काय तपासायचं

गेली आठ-नऊ वर्षं मी एकच दुखणं परत परत बघतोय. चवथीच्या सुट्टीत, मे महिन्यात, कधी भर पावसात लॅपटॉप प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून कोणतरी दारात येतं आणि म्हणतं, दादा, गेम बिघडलाय. उघडून बघावं तर गेम नीट चालू असतो. झालेलं असं असतं की त्याने एक माणूस उभा केलाय, व्यापारी, वैद्य, चोर, साधू, काहीतरी स्वतःच्या डोक्यातलं, आणि वीसेक तास खेळल्यावर गेम त्या माणसाला जगूच देत नाहीये. मग तो वैतागून ते कॅरेक्टर डिलीट करतो आणि पुन्हा तेच जाड चिलखत, तीच ढाल, तीच तलवार. दरवेळी मला वाईट वाटतं, कारण बहुतेक वेळा तो माणूस वाचवता आला असता. म्हणून मी ज्या क्रमाने तपासतो तो क्रम इथे लिहितोय. आधी फुकटातलं आणि दोन मिनिटांचं, मग वेळखाऊ, मग धोक्याचं.

आधी लक्षणं बघा

सगळ्यांचं दुखणं एकसारखं नसतं, म्हणून आधी आपलं कुठलं ते ओळखा.

- सुरुवातीला मजा आली, आणि आता साधा दरोडेखोरसुद्धा तीस-चाळीस वार खाऊन उभा राहतो.
- एकच जागा, एकच शत्रू, तिथे भिंत. बाकी सगळीकडे ठीक चाललंय.
- उलटं: गोष्टीत ज्याला सगळा मुलूख घाबरतो तो तुमच्या दोन वारांत आडवा, आणि आता कशातच जीव राहिलेला नाही.
- बटण वेळेवर दाबता, तरी अडवणं लागत नाही, उडी उशिरा होते.
- आणि सगळ्यात महत्त्वाचं: तुमचं कॅरेक्टर जे कधीच करणार नाही ते तुम्ही करायला लागलात. साधूने चोऱ्या सुरू केल्या, वैद्याने कुऱ्हाड उचलली, आणि शेवटी सगळेच अंधारात वाकून बाण मारताहेत.

हे शेवटचं लक्षण लोक सांगतच नाहीत, मला विचारून काढावं लागतं. मी विचारतो, हा तुझा माणूस आहे कोण? आणि मुलगा गप्प होतो, कारण सुरुवातीला त्याला ते माहीत होतं आणि मधे कुठेतरी हातातून सुटलं.

तपासणी १: टीव्ही, कंट्रोलर, चार्जर

हसू नका, चौथं लक्षण असेल तर इथेच अर्ध्या केसेस संपतात. फोंड्याला माझ्या मावशीकडे मावसभाऊ किंगडम कम: डिलिव्हरन्स खेळत होता, तीन आठवडे त्याला परफेक्ट ब्लॉक जमत नव्हता, आपल्या हातात वेग नाही असं त्याचं ठाम मत झालेलं. हॉलमधला मोठा टीव्ही, त्यावर सगळे मिळून क्रिकेट बघतात, त्यामुळे पिक्चर मोड स्पोर्ट्सवर ठेवलेला. मी कंट्रोलर हातात घेतला, बटण दाबलं, आणि पडद्यावरची तलवार हलायला मला स्पष्ट जाणवेल इतका उशीर झाला. रिमोट घेऊन गेम मोड लावला. पुढच्या दहा मिनिटांत त्याने चार ब्लॉक बरोबर लावले आणि मावशीला आतून बोलवून दाखवले.

कारण असं की टीव्ही चित्र गुळगुळीत दिसावं म्हणून प्रत्येक फ्रेमवर काम करतो आणि त्यात वेळ जातो. ६० फ्रेमच्या गेममध्ये एक फ्रेम म्हणजे साधारण १६.७ मिलिसेकंद. टीव्हीने १०० मिलिसेकंद खाल्ले तर सहा फ्रेम गेल्या, आणि अडवण्याची खिडकी ती कितीशी असते. गेम मोडमध्ये हे काम बरंचसं बंद होतं. तसंच लॅपटॉप चार्जर लावून खेळा, बॅटरीवर तो स्वतःहून वेग कमी करतो. कंट्रोलरची काडी हात न लावता एका बाजूला सरकतेय का तेही बघून घ्या. हे न बघता डिफिकल्टी कमी केली तर तुम्ही टीव्हीच्या दोषाची शिक्षा कॅरेक्टरला देताय.

आणखी एक, जुना २०११ चा स्कायरिम असेल तर ६० फ्रेमच्या वर जाऊ देऊ नका. त्यात वस्तूंचं हलणं-पडणं फ्रेमला बांधलेलं आहे, वेग वाढला की भांडी हवेत उडतात.

तपासणी २: तुम्ही उभे कुठे आहात

एकाच जागी भिंत लागली असेल तर हे बघा. ओपन-वर्ल्ड गेम, म्हणजे मोकळ्या मुलखात हवं तिकडे फिरू देणारे गेम, ढोबळ मानाने दोन जातींचे. एका जातीत शत्रू जागेवर ठरलेले, तुम्ही कितीही लहान असा, तो तिथे तेवढाच मोठा. दुसऱ्या जातीत शत्रू तुमच्या लेव्हलप्रमाणे वाढतो. काही गेम दोन्हींचं मिश्रण करतात. आपला गेम कुठल्या जातीचा हे न कळताच लोक महिनाभर डोकं आपटतात.

फॉलआउट: न्यू वेगास (२०१०) पहिल्या जातीकडे झुकणारा. गुडस्प्रिंग्जमधून बाहेर पडलात आणि उत्तरेला सरळ वेगास दिसतं म्हणून निघालात तर वाटेत कॅझाडोर आणि डेथक्लॉ हे जीवघेणे प्राणी. ती चूक तुमच्या बिल्डची, म्हणजे कॅरेक्टर घडवण्याची, नाही, गेम सांगतोय की आधी दक्षिणेला प्रिमकडून लांबचा वळसा घे. एल्डन रिंगमध्येही (२०२२) सुरुवातीच्या दारातून बाहेर आलं की समोरच घोड्यावरचा ट्री सेंटिनल फिरत असतो, त्याला वळसा घालून जाता येतं आणि जावं. मार्गिट या बॉसकडे, म्हणजे मोठ्या शत्रूकडे, अडलात तर दक्षिणेला वीपिंग पेनिन्सुला पूर्ण पडलेला आहे. विचर ३ मध्ये (२०१५) शत्रूच्या नावाशी लाल कवटी दिसली तर तिथून निघा.

मुलांना हे माघार घेणं वाटतं. पण मला सांगा, तुमचं कॅरेक्टर खरंच शहाणं असेल तर कवटी बघून ते काय करेल? परत फिरणं हीसुद्धा त्या माणसाचीच निवड आहे, आणि तिला एक पैसा लागत नाही.

विचर ३ च्या ऑप्शन्समध्ये एनिमी अपस्केलिंग नावाचं एक बटण आहे, तेवढं बंद आहे का बघा. चुकून चालू झालं असेल तर सुरुवातीच्या गावातले लांडगेसुद्धा तुमच्या लेव्हलला येऊन फाडतात.

तपासणी ३: पिशवीत काय पडलंय

मी सेव्ह उघडली की पहिल्यांदा बॅग बघतो. नव्वद बाटल्या औषधं, एकही प्यायलेली नाही, पुढे लागतील म्हणून. विचरमध्ये प्रत्येक जातीच्या राक्षसासाठी वेगळं तेल असतं, ते तलवारीला लावायचं असतं, आणि लोक गोष्ट संपेपर्यंत लावत नाहीत, मग म्हणतात वार लागत नाही. एल्डन रिंगमध्ये स्वतःची लेव्हल वाढवतात पण शस्त्र तसंच ठेवतात, आणि तिथे डॅमेजचा मोठा वाटा शस्त्राच्या प्लसचा, साधं शस्त्र +२५ पर्यंत जातं. वजनही बघा, ७० टक्क्यांच्या वर भार गेला की लोळणं जड होतं आणि तेच मरणाचं कारण असतं, बॉसचं नाव उगाच खराब होतं. याच गेमच्या २०२४ च्या शॅडो ऑफ द एर्डट्री या जोडभागात तर तुमची लेव्हल कितीही असू दे, तिथे स्काडूट्रीचे तुकडे गोळा करून आशीर्वाद वाढवल्याशिवाय मार कमी होत नाही, आणि ते तुकडे फिरल्याशिवाय मिळत नाहीत.

जुना मॉरोविंड (२००२) कोणी खेळत असेल तर त्याला एकच सांगतो, पळत पळत लढायला जाऊ नको. त्यात वार लागेल की नाही हे दमसास किती उरलाय त्यावरही ठरतं आणि पळण्याने तो संपतो. तलवार समोरच्याच्या अंगातून गेलेली दिसते आणि वार चुकलेला. दोन मिनिटं चालत जा, उभा राहा, मग मार. वीस वर्षांपूर्वीच्या गेमबद्दल मी हे वाक्य आजही वर्षातून दोनदा बोलतो.

किंगडम कममध्ये कमजोरी हीच भूमिका आहे. हेन्री लोहाराचा मुलगा, त्याला धड लढता येत नाही, वाचतासुद्धा येत नाही, ते शिकायला लिपिकाकडे जावं लागतं. रॅटायला कॅप्टन बर्नार्डकडे जाऊन लाकडी तलवारीने रोज सराव केला तर काही दिवसांत फरक दिसतो. हे काम टाळून पुढे गेलात तर डिफिकल्टीचा स्लायडर शोधू नका, रिंगणात परत जा.

तपासणी ४: स्किलचं पान आणि बेरीज

इथे थोडा वेळ थांबूया, कारण खरं दुखणं बहुतेक इथेच सापडतं.

मागच्या पावसात पेडण्याहून माझा भाचा आला होता. स्कायरिममध्ये त्याचा माणूस एक फिरता व्यापारी, बापाचा लोहारकीचा धंदा, स्वतः बोलघेवडा, औषधं करून विकतो आणि शक्यतो कोणाला मारत नाही. छान माणूस होता, त्याने त्याच्यासाठी वहीत दोन पानं लिहिली होती, कुठल्या गावात कोणाचं देणं आहे वगैरे. पण कुठल्याही जुन्या थडग्यात पाऊल टाकलं की तीन वारांत मेला. बाहेर पाऊस कोसळत होता, लाईट दोनदा गेली, इन्व्हर्टरवर बसून आम्ही स्किलचं पान उघडलं. लेव्हल २२. लोहारकाम ७८, बोलणं ६१, औषधं ५५. आणि एका हाताची तलवार: २४. हलकं चिलखत त्याहून थोडं वर.

मग मी त्याला कागदावर बेरीज करून दाखवली, ती इथेही देतो. स्कायरिममध्ये कुठलंही स्किल ज्या आकड्यावर पोचतं तेवढे गुण तुमच्या लेव्हलच्या खात्यात जमा होतात. लेव्हल १ वरून २ वर जायला १०० लागतात, आणि पुढे दर लेव्हलला २५ ची भर. आता लोहारकाम १५ वरून ७८ वर नेलं तर १६ पासून ७८ पर्यंतच्या सगळ्या आकड्यांची बेरीज २९६१. लेव्हल १३ ला लागतात २८५०. म्हणजे नुसतं ऐरणीवर बसून, म्यानातून तलवार एकदाही न काढता, माणूस लेव्हल १३ ला पोचतो. आणि थडग्यातला शत्रू तुमची लेव्हल बघतो, ती कशाने आली ते बघत नाही. त्याला हा व्यापारी आहे हे माहीतच नाही, त्याच्या हिशेबी समोर बाविसाव्या लेव्हलचा योद्धा उभा आहे.

भाचा म्हणाला, मग मी व्यापारी व्हायचंच नाही का मामा? आणि या प्रश्नासाठीच मी हे लिहायला बसलोय. व्हायचं. नक्की व्हायचं. फक्त गेम सगळ्या कामांना एकाच तराजूत टाकतो हे कळून व्हायचं.

जुना ऑब्लिव्हियन (२००६) यात आणखी कडक. सात मेजर स्किल निवडायची, त्यांत मिळून दहा वाढी झाल्या की झोपून उठल्यावर लेव्हल वाढते. कोणी हौसेने बोलणं, व्यापार, उड्या मारणं अशी स्किलं मेजरमध्ये घेतली की नुसतं फिरूनच लेव्हल वर, आणि शत्रू मागोमाग. पुढे पुढे तर रस्त्यात १०० नाण्यांसाठी अडवणारा भुरटा लुटारू काचेच्या चिलखतात उभा असतो, जे विकलं तर त्याला जन्मभर लुटायची गरज नाही. त्यावर सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे न झोपणं, पलंगावर गेलात नाही तर लेव्हल चढत नाही. २०२५ च्या रीमास्टर्डमध्ये गुण वाटायची पद्धत बदललीय, त्यामुळे जुने सल्ले तिथे जसेच्या तसे लावू नका. सायबरपंक २०७७ मध्येही २०२३ च्या २.० अपडेटपासून शहरभरचे शत्रू तुमच्याबरोबर वाढतात, त्याआधीचे व्हिडिओ बघून कुठला भाग सोपा ते ठरवू नका.

स्कायरिममधली एक गोष्ट मात्र तुमच्या बाजूची आहे. गुहेत पहिल्यांदा पाऊल टाकता तेव्हा तिची लेव्हल ठरते. म्हणून व्यापारी, वैद्य असलं कॅरेक्टर असेल तर धंदा वाढवायच्या आधी आसपासच्या गुहांमध्ये एकदा डोकावून या, आत लढायला नाही, नुसतं दारातून. मग सावकाश लोहारकाम करा. हे मी भाच्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, व्यापारी रस्ते बघून ठेवतोच की. बघा, गोष्टीतही बसलं.

तपासणी ५: तुमच्या माणसाकडे काय आहे, जे तलवारवाल्याकडे नाही

बेरीज कळल्यावर लोक लगेच तलवार शिकायला जातात. थांबा. आधी त्या माणसाच्याच पोतडीत हात घाला. व्यापाऱ्याकडे पैसा असतो. भाच्याकडे अकरा हजार सोन्याची नाणी पडून होती! व्हाइटरनच्या ड्रंकन हंट्समनमध्ये जेनासा नावाची भाडोत्री लढवय्यी बसलेली असते, ५०० नाण्यांत सोबत येते. व्यापारी अंगरक्षक ठेवतो यात काय नवल, आपल्याकडेही माल घेऊन घाट चढणारे सोबत घेऊनच जायचे. त्याने स्वतःच्या हाताने बनवलेलं उत्तम चिलखत तिला घातलं, तिची तलवार धारदार केली. आता ७८ चं लोहारकाम लढाईत उतरलं, आणि माणूस तोच राहिला.

वैद्य असेल तर विष. साधू असेल तर शांत करणारे मंत्र, त्यांना शत्रूच्या लेव्हलची मर्यादा असते पण पर्क (लेव्हल वाढली की निवडायचे खास गुण) घेतले की ती वाढते. बोलका माणूस असेल तर न्यू वेगाससारख्या गेममध्ये बोलण्याच्या जागा ठरलेल्या आकड्यावर उघडतात, तिथे नशीब नाही, आकडा पुरला की जमलं, आणि शेवटच्या सेनापतीलाही बोलून माघारी पाठवता येतं.

सगळे लोक शेवटी लपून बाण मारणारे का होतात त्याचं उत्तरही इथेच आहे. लपून केलेल्या वाराला गुणाकार मिळतो, लांबून मारलं की आपल्याला मार बसत नाही, आणि बाण सगळीकडे सापडतात. गेम तिकडे ढकलतो. ढकललं जातंय हे एकदा कळलं की थांबता येतं.

एक खरं सांगायला हवं, की काही गेम तुमच्या निवडीचा विश्वासघात करतात. ड्यूस एक्स: ह्यूमन रेव्होल्यूशन (२०११) ओपन-वर्ल्ड नव्हे, पण उदाहरण पक्कं आहे: पूर्ण गेम लपून, हॅक करून, न मारता खेळू देतो आणि मधे बॉसच्या खोलीत कोंडून बंदूक हातात घ्यायला लावतो. २०१३ च्या डायरेक्टर्स कटमध्ये तिथे दुसरे मार्ग घातले गेले. असं काही असेल तर दोष तुमचा नाही, त्या एका खोलीपुरता पुढचा उपाय करा आणि पुढे जा.

तपासणी ६: डिफिकल्टीचा स्लायडर

हा सोपा आहे, फुकट आहे, तरी मी तो सहाव्या नंबरला ठेवलाय, कारण तो दुखणं झाकतो. आधीच्या पाच गोष्टी बघितल्या नसतील तर खरं कारण कधी कळणारच नाही.

स्कायरिममध्ये तो नक्की काय करतो बघा. अडेप्ट या मधल्या पायरीवर तुमचा वार पूर्ण, तुम्हाला बसणारा मार पूर्ण. एक्सपर्टवर तुमचा वार पाऊण, मार दीडपट. मास्टरवर वार अर्धा, मार दुप्पट. लेजंडरीवर वार पाव आणि मार तिप्पट. खाली नॉव्हिसला वार दुप्पट, मार अर्धा. एवढंच. शत्रू हुशार होत नाही, नवीन डाव खेळत नाही. अडेप्टवर दहा वारांत पडणारा लेजंडरीवर चाळीस घेतो.

आता नीट विचार करा. सोबत्याच्या वाराला हा गुणाकार लागत नाही. शांत करणाऱ्या मंत्राला लागत नाही. म्हणजे स्लायडर जितका वर, तितका साधा तलवारवाला मागे पडतो आणि ठराविक दोन-तीन युक्त्याच उरतात. लोकांना वाटतं अवघड केलं की रोलप्ले, म्हणजे सोंग, खोल होतो, माझा अनुभव नेमका उलटा आहे. स्लायडर वर गेला की निवडी कमी होतात, सगळे एकाच वाटेने जायला लागतात. म्हणून हळव्या, विचित्र, आगळ्या कॅरेक्टरसाठी एक घर खाली आणणं यात मला काहीही कमीपणा दिसत नाही. एका बॉसपुरतं खाली आणा, परत वर न्या. तुमच्या घरात तुम्हाला कोण विचारणार आहे.

तिसरं लक्षण असेल, म्हणजे सगळं फारच सोपं झालंय, तेव्हाही आधी स्लायडरला हात लावू नका. आधी बघा की तुम्ही औषध, वस्तूंवर मंत्र भारणं आणि लोहारकाम एकमेकांवर चढवत नेण्याचं चक्र तर चालवत नाही ना, त्यातून स्कायरिममध्ये एका वारात ड्रॅगन पाडणारं शस्त्र बनतं आणि मग कुठलाही स्लायडर पुरत नाही. ते सोडा. फास्ट ट्रॅव्हल सोडा. फॉलआउट ४ चा सर्व्हायव्हल मोड २०१६ मध्ये नव्याने केला गेला, त्यात फास्ट ट्रॅव्हल नाही, आणि झोपल्याशिवाय सेव्ह नाही, त्यात एक पूल ओलांडायलाही नियोजन लागतं. किंगडम कमचा हार्डकोर मोडही त्याच वाटेचा, तो तुमच्या माणसाला खोडी लावून देतो.

आमच्याकडे पेडण्यात जत्रेला दशावतार होतो, त्यात संवाद लिहिलेले नसतात, नटाला गोष्ट माहीत असते आणि आपलं सोंग माहीत असतं, बाकी सगळं तो जागेवर बोलतो. राजाचं सोंग घेतलेला माणूस माईक बंद पडला तरी राजाच्याच आवाजात बोलत राहतो. त्याच्यावर ते बंधन कोणी घातलेलं नसतं, त्याने स्वतः घेतलेलं असतं, आणि पहाटेपर्यंत आम्ही त्याच्यासाठीच बसतो. गेम सोपा झाल्यावर मुलांना मी हेच सांगतो, तुझ्या माणसाचे दोन नियम कागदावर लिही आणि ते मोडू नको. कर्ज ठेवत नाही. पाठीत वार करत नाही. काहीही. स्लायडरपेक्षा याने गेम जास्त अवघड होतो.

तपासणी ७: गुण परत वाटणं

इथून पुढे आधी सेव्हची कॉपी काढा. पर्क चुकीच्या जागी गेलेच असतील तर बहुतेक गेममध्ये परत घेता येतात. एल्डन रिंगमध्ये रेनाला या बॉसला हरवल्यावर लार्व्हल टिअर देऊन. विचरमध्ये पोशन ऑफ क्लिअरन्सने. सायबरपंकमध्ये पर्क कधीही, पण ॲट्रिब्यूट, म्हणजे मूळ क्षमता, एकदाच, त्यामुळे तो एकदाचा चान्स रागात वापरू नका. स्कायरिममध्ये ड्रॅगनबॉर्न या जोडभागाची मुख्य गोष्ट संपवल्यावर एका ड्रॅगन सोलच्या बदल्यात एका स्किलचे पर्क सुटतात. हे इतकं खाली ठेवलंय कारण यात माणूस थोडा बदलतो. बदलायचाच असेल तर गोष्टीतलं कारण शोधा, व्यापारी लुटला गेला म्हणून तलवार शिकला, हे चालतं.

तपासणी ८: मॉड

सगळ्यात शेवटी. मॉड म्हणजे खेळणाऱ्यांनी गेममध्ये केलेले बदल. लेव्हल वाढण्याची पद्धत किंवा शत्रूंची वाटणी बदलणारे मॉड आहेत आणि चांगले आहेत, पण असला मॉड चालू सेव्हवर टाकू नका, नवीन कॅरेक्टरवर टाका. एका वेळी एकच, तासभर खेळा, मग दुसरा. आणि टाकलेला मोठा मॉड मधेच काढू नका. स्क्रिप्टवाले मॉड आपल्या खुणा सेव्हमध्ये सोडतात, मॉड गेला तरी सेव्ह त्याला शोधत राहते आणि पंधरा दिवसांनी कुठल्यातरी दारात गेम पडतो. तेव्हा कोणालाच आठवत नाही की काय काढलं होतं. वहीत तारीख घालून लिहून ठेवा.

कधी थांबायचं आणि जाणकाराकडे जायचं

सेव्ह उघडतच नसेल, विशेषतः सेव्ह होताना लाईट गेली असेल, तर त्यावर परत परत लोड मारत बसू नका आणि नवीन सेव्ह त्याच जागी करू नका. आधी क्लाउडवरची आणि त्याआधीची सेव्ह बघा. ती नसेल तर तिथेच थांबा. सेव्ह एडिटरने आकडे दुरुस्त करायचा मोह मला समजतो, पण मी स्वतः तो दुसऱ्याच्या एकमेव सेव्हवर कधी चालवत नाही. शत्रू मरत नाही, दार उघडत नाही, क्वेस्ट पुढे जात नाही असं सगळ्या डिफिकल्टीवर होत असेल तर तो बग आहे, त्यावर तुमचा उपाय नाही, गेम बनवणाऱ्यांच्या सपोर्टला कळवा. मॉडचा गुंता असेल तर मॉड बनवणाऱ्याला विचारा, अंदाजाने फाइल डिलीट करू नका.

मोठ्या लढाईतच पीसी बंद पडतो, जळका वास येतो, किंवा लढाई सुरू झाली की फ्रेम निम्म्यावर येतात आणि पंखा ओरडतो, तर ते डिफिकल्टीचं दुखणं नाहीच, हार्डवेअरचं आहे. पंख्यातली धूळ बाहेरून काढा, तेवढंच घरी. पॉवर सप्लायचा डबा कधीही उघडू नका, प्लग काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो आणि तो जिवावर बेततो. समुद्राजवळ राहणाऱ्यांनी हे जास्तच सांभाळा, खारी हवा आणि पावसाळ्यातली ओल यांनी आतले जोड हिरवे पडतात, ते साफ करणं दुरुस्तीवाल्याचं काम. सरकणारी कंट्रोलरची काडी बदलायची तर सोल्डरिंग येतं, येत नसेल तर हात घालू नका.

आणि दुकानात मशीन द्यायच्या आधी सेव्हचं पूर्ण फोल्डर पेनड्राइव्हवर घ्या. दुरुस्तीवाला विंडोज नव्याने टाकतो आणि त्याला तुमचा व्यापारी कोण ते ठाऊक नसतं. स्कायरिमचं फोल्डर डॉक्युमेंट्समध्ये माय गेम्सच्या आत असतं, आणि एसकेएसई (काही मॉडना लागणारा जोड-प्रोग्रॅम) वापरत असाल तर प्रत्येक सेव्हच्या दोन फाइल असतात, दोन्ही घ्या. भाच्याने मागच्या महिन्यात लॅपटॉप म्हापशाला दुरुस्तीला दिला तेव्हा पेनड्राइव्ह आणि ती वही, दोन्ही माझ्याकडे आणून ठेवली होती.